रांग मोजायची कुठून?

१८२७च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या तरुण सर्जनला लंडनमधल्या होबर्न भागात, चर्चच्या पायऱ्यांवर एक मुलगी मरणासन्न अवस्थेत दिसली, असं सांगतात. तिला दाखल करून घ्यायला एकही इस्पितळ तयार होईना, कारण तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. त्या काळी धर्मादाय इस्पितळांना वर्षाची वर्गणी देणाऱ्या धनिकांना आपल्या पसंतीचे गरीब रुग्ण पाठवायचा हक्क असे. तो हक्क म्हणजे ही चिठ्ठी. मार्सडेन यांनी १८२८ मध्ये चिठ्ठी न मागणारं मोफत इस्पितळ काढलं, तेच आजचं रॉयल फ्री. आमदाराची नाहीतर नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखाना गाठणाऱ्या आपल्या माणसांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

५ जुलै १९४८ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि उपचार सर्वांना मोफत झाले. ओळखीची जागा यादीने घेतली. पण ही यादी कोरी नव्हती: जुन्या इस्पितळांबरोबर सुमारे पाच लाख ताटकळलेली माणसंही नव्या सेवेच्या पदरात आली. हा अनुशेष एकदा निपटला की रांग संपेल, अशी आशा होती.

ती फोल ठरली, आणि त्याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं. जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास रायटिंग्टनच्या इस्पितळात कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया भरवशाची करून दाखवली. तोवर झिजलेला खुबा म्हणजे म्हातारपणाचा भोग. काठी घ्यायची आणि सोसायचं. उपाय निघाला तसे हजारो सोसणारे रुग्ण झाले आणि रांगेत आले. मोतीबिंदूचंही तसंच: हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, आणि पुढे हेच ऑपरेशन यादीतलं नेहमीचं नाव झालं. रांग वाढते ती नेहमी व्यवस्था ढासळल्यामुळेच असं नाही. कधी कधी वैद्यकशास्त्र पुढे गेल्यामुळेही ती वाढते.

१९६० ते १९६३ आरोग्यमंत्री असलेल्या इनॉक पॉवेल यांनी मात्र याद्या कमी करायचा खटाटोपच निष्फळ ठरवला. मला ते पटत नाही. त्यांनी हात टेकले ती यादी नीट मोजलेलीही नव्हती. ज्या त्या कन्सल्टंटची यादी वेगळी, आणि शेजारच्या शहरात नंबर लवकर लागेल का, हे रुग्णाला कळायची सोय नव्हती. १९८०च्या दशकात मायकेल यंग यांच्या ‘कॉलेज ऑफ हेल्थ’ने कुठल्या भागात किती थांबावं लागतं याची माहिती छापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ही गोष्ट लोकांच्या हातात आली.

१९९१च्या ‘पेशंट्स चार्टर’ या सरकारी सनदेने हमी दिली की दोन वर्षांवर कुणालाही थांबावं लागणार नाही. पण ही दोन वर्षं कधीपासून? कन्सल्टंटने नाव यादीत घातलं तेव्हापासून. त्याआधी कन्सल्टंटची भेट मिळेपर्यंत गेलेले महिने हिशेबातच नव्हते. आकडा कमी करायचा दबाव आला की आकड्याशीच खेळ होतो. इंग्लंडमधल्या नऊ इस्पितळ-संस्थांनी याद्यांमध्ये गैरवाजवी फेरफार केल्याचं सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये उघड केलं. रुग्ण सुट्टीवर गावाला जाणार हे माहीत असताना नेमकी त्याच दिवसांतली तारीख देण्यापर्यंत मजल गेली होती. रुग्ण ‘नाही’ म्हणाला की वाट पाहण्याची जबाबदारी त्याच्याच माथी.

खरी सुधारणा पुढे झाली. फॅमिली डॉक्टरचं पत्र इस्पितळाला मिळालं की घड्याळ सुरू, उपचार सुरू झाले की बंद, आणि मधला सगळा काळ १८ आठवड्यांत बसवायचा, असं उद्दिष्ट २००८ अखेरसाठी ठरलं. आधी नजरेआड राहणारी तपासण्यांची रांगही त्यामुळे हिशेबात आली. पैसाही ओतला गेला आणि प्रतीक्षा खरोखर घटली; पॉवेल यांना उत्तर मिळालं. त्याच सुमारास, २००६ मध्ये, युरोपीय न्यायालयाने एका इंग्रज वृद्धेच्या खटल्यात निकाल दिला. रांगेला कंटाळून तिने फ्रान्समध्ये खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि खर्च मागितला होता. न्यायालय म्हणालं, यादीचं नियोजन एवढं कारण पुरेसं नाही. या रुग्णाच्या दुखण्याला किती थांबणं वैद्यकीयदृष्ट्या चालेल, ते पाहावं लागेल.

१८ आठवड्यांचं हे प्रमाण २०१६ नंतर इंग्लंडला पाळता आलेलं नाही. कोविडनंतर २०२३च्या सप्टेंबरमध्ये यादी सुमारे ७७ लाखांवर पोचली. पण मला जास्त काळजी वाटते ती या आकड्यात न दिसणाऱ्यांची. पहिला उपचार सुरू झाला की घड्याळ थांबतं. पुढच्या फेरतपासण्या त्यात धरल्या जात नाहीत. मग नव्या रुग्णांना वेळेत बसवायचं तर जुन्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात. काचबिंदूत हेच घातक, कारण गेलेली नजर परत येत नाही आणि नियमित तपासणी हाच उपचाराचा कणा असतो. इस्पितळाकडून झालेल्या अशा उशिरामुळे ब्रिटनमध्ये महिन्याला २२ पर्यंत रुग्णांची दृष्टी कायमची किंवा गंभीररीत्या अधू होत असल्याचं २०१७ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या पाहणीत आढळलं. त्यांत काचबिंदूचे रुग्ण सर्वाधिक होते.