चेनने ठरवलेली गाडी

१९५० सालच्या मे महिन्यात मोनॅकोच्या ग्रां प्री शर्यतीत हॅरी शेल एक लहानखुरी गाडी घेऊन उतरला. ती इंग्लंडच्या कूपर कंपनीने बांधली होती. इंजिन जेएपी बनावटीचे, ११०० सीसीचे व्ही-ट्विन, म्हणजे जातीचे मोटरसायकलचे. ते ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवले होते आणि त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत चेनने पोहोचत होती. पहिल्याच फेरीत झालेल्या साखळी अपघातात शेलची गाडी सापडली आणि शर्यत तिथेच संपली. तरी जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत मागे इंजिन असलेली गाडी उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे १९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षे जॅक ब्रॅभम कूपरच्या मागे इंजिन असलेल्या गाडीतून जगज्जेता झाला आणि १९६१ मध्ये फेरारीनेही इंजिन मागे नेले. या बदलाची कारणे सांगताना वजनाचा तोल, खाली बसणारा ड्रायव्हर आणि हवेला कमी अडथळा करणारे नाक यांचा उल्लेख होतो. हे सगळे फायदे खरे आहेत, पण ते मागाहून हाती लागले. इंजिन मागे गेले ते मोटरसायकलच्या चेनमुळे, असे माझे मत आहे. एवढेच नव्हे, तर मोटरसायकलचे इंजिन घेऊन घरच्या शेडमध्ये बांधलेल्या रेसिंग कारचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर गाडीचा आकार इंजिनापेक्षा इंजिनानंतरच्या भागांनीच ठरवलेला दिसतो. चेन, स्प्रॉकेट, ॲक्सल आणि डिफरन्शियल असणे किंवा नसणे, हे ते भाग.

त्यासाठी आधी १९१० पर्यंत मागे जावे लागते. एच. आर. गॉडफ्री आणि आर्चिबाल्ड नॅश या दोघा तरुणांनी तेव्हा लंडनजवळच्या हेंडनमध्ये जीएन नावाची ‘सायकलकार’ बांधायला घेतली. मोटरसायकलचे इंजिन, हलका सांगाडा, वजन शक्य तितके कमी असा हा प्रकार. जीएनची पुढे रूढ झालेली रचना अशी: पुढचे इंजिन एका शाफ्टने बेव्हल गिअरच्या पेटीला जोडलेले, तिथून आडवा शाफ्ट आणि त्यावरून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या चेन. प्रत्येक गिअरला वेगळी चेन आणि स्प्रॉकेटची वेगळी जोडी. गिअर टाकायचा म्हणजे त्या जोडीचा डॉग क्लच गुंतवायचा. मागचा ॲक्सल सलग, डिफरन्शियलशिवाय. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट असली तर त्यातले एक घसरणारच, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकरने १८२७ मध्येच यावर, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचा उपाय काढला होता आणि १८७७ मध्ये जेम्स स्टार्लीने तो तीनचाकी सायकलीत वापरला होता. म्हणजे जीएनच्या काळी डिफरन्शियल जुने झाले होते. ते अज्ञानापोटी वगळले, असे म्हणता येत नाही.

मग परवडत नव्हते म्हणून वगळले का? हा आक्षेप वजनदार आहे आणि काही अंशी खराही. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली, थोड्याच पैशांत चार सिलिंडरची धड मोटर मिळू लागली आणि सायकलकारचा बाजार पाहता पाहता बसला. केवळ स्वस्ताई हेच कारण असते, तर सलग ॲक्सलही तेव्हाच नाहीसा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. नॅशने गॉडफ्रीपासून वेगळे होऊन फ्रेझर नॅश या नावाने काढलेल्या गाड्या मुळीच स्वस्त नव्हत्या, तरी त्या दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत चेन आणि सलग ॲक्सलवरच चालत राहिल्या. त्यांच्या चाहत्यांना ‘चेन गँग’ म्हणत. बॅझिल डेव्हनपोर्टने जीएनच्याच घडणीवर उभारलेल्या ‘स्पायडर’ गाडीने १९२६ पासून इंग्लंडमधल्या शेल्स्ली वॉल्शच्या हजार यार्डांच्या चढाच्या शर्यतीत लागोपाठ विक्रम केले, तेही कितीतरी महागड्या गाड्यांना मागे टाकून. याचे गणित सोपे आहे. दोन चाकांत साडेतीन फुटांच्या आसपास अंतर असलेली गाडी २० मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेली, तर आतल्या आणि बाहेरच्या चाकांच्या अंतरात पाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो. त्या काळचे अरुंद, कडक टायर तेवढे घसरणे सहज सोसत. बदल्यात दोन्ही चाके कायम ताकद लावत, चढावर एक चाक नुसतेच फिरून वेळ वाया जात नसे आणि डिफरन्शियलचे वजन वाचे. रुंदी, टायर, रस्ता आणि वजन या चारांचा मेळ घालून केलेली ती निवड होती.

१९४६ मध्ये हीच निवड पुन्हा समोर आली. युद्ध संपलेले, पेट्रोलवर रेशन, शर्यतीची जुनी मैदाने गेलेली. ब्रिस्टल परिसरातल्या काही हौशी मंडळींनी ५०० सीसीच्या मोटरसायकल इंजिनावर चालणाऱ्या स्वस्त रेसिंग कारची कल्पना उचलून धरली आणि त्यातून ५०० क्लब उभा राहिला. सरबिटनमधल्या गॅरेजात चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीचे पुढचे दोन भाग मिळवले आणि पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे मागच्या चाकांनाही पुढच्यासारखेच आडव्या पाट्यांचे स्वतंत्र सस्पेन्शन आपोआप मिळाले. आता इंजिनाचा प्रश्न उरला. जेएपीच्या एकसिलिंडरी स्पीडवे इंजिनाचा क्रँक आडवा आणि त्याच्या मोटरसायकली गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट बाजूला. चेन गाडीच्या लांबीच्या दिशेने, सरळ प्रतलातच फिरली पाहिजे आणि ती आखूड असली पाहिजे. लांब चेन लोंबते, फटके मारते आणि उडते. इंजिन पुढे ठेवले असते तर चेन ड्रायव्हरच्या बाजूने मागे न्यावी लागली असती, नाहीतर जीएनसारखी बेव्हल पेटी आणि शाफ्ट घडवून घ्यावा लागला असता. इंजिन मागे ठेवले, की गिअरबॉक्सपासून हातभर अंतरावर सांगाड्यातच एक छोटा सलग ॲक्सल बसतो आणि त्याच्या दोन टोकांना सांधे असलेल्या दांड्या लावून चाके फिरवता येतात. डिफरन्शियलची गरज नाही, बेव्हलची नाही, लांब शाफ्टचीही नाही. आपण काही शास्त्रीय क्रांती करतो आहोत असे आपल्या मनात नव्हते, ती रचना सोयीची होती म्हणून केली, असे जॉन कूपरने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्याच्या या साध्या कबुलीकडे इतिहासकारांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही.

यावर पहिला आक्षेप ऑटो युनियनचा घेतला जाईल. १९३४ पासून या जर्मन कंपनीच्या ग्रां प्री गाड्यांत इंजिन मागेच होते आणि त्याचा मोटरसायकलच्या चेनशी काही संबंध नव्हता. गोष्ट खरी आहे. पण त्या गाड्यांना मोठ्या कारखान्याचे आणि सरकारी पैशांचे बळ होते. ताकद इतकी जास्त होती की एक चाक वारंवार घसरून फिरे, म्हणून त्यांचा रचनाकार फर्डिनांड पोर्श याला झेडएफ कंपनीकडून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल करवून घ्यावे लागले. युद्धाबरोबर ती परंपरा तुटली. युद्धानंतर अजिंक्यपद जिंकणाऱ्या अल्फा रोमिओ, फेरारी, मासेराती, मर्सिडीज या सगळ्यांची इंजिने पुढेच होती. ऑटो युनियनने ही रचना शक्य असल्याचे दाखवले, पण तिची सवय लागली ती ५०० सीसीच्या गाड्यांमुळे. १९५० पासून हाच वर्ग आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री झाला आणि स्टर्लिंग मॉससारखे तरुण त्यातूनच घडले. दुसरा आक्षेप असा, की ५०० सीसीच्या सगळ्याच गाड्या मागे इंजिनवाल्या नव्हत्या. पॉल एमरीच्या एमेरीसनमध्ये इंजिन पुढे होते. पण तिची ताकदही पुढच्या चाकांनाच जात होती. इंजिन जिथे, फिरणारी चाके तिथेच, हा चेनचा नियम तिनेही पाळला.

ताकद वाढली तेव्हा चेन मागे पडली आणि त्या वळणावरही निर्णय भागांनीच घेतला. १९५० च्या दशकाच्या मध्याला कूपरने मोटरसायकलचे इंजिन सोडून कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्सचे चार सिलिंडरचे इंजिन घेतले. त्याला चेन पुरणार नव्हती. मागे इंजिन असलेल्या गाडीला चालेल असा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असलेला तयार भाग सिट्रोएन ट्रॅक्सियाँ आव्हाँ या गाडीत होता. ती पुढच्या चाकांवर चालणारी फ्रेंच घरगुती मोटर. कूपरने तिची पेटी सुधारून मागे बसवली. ती मिळाली नसती तर इंजिन पुन्हा पुढे गेले असते का, हे सांगता येत नाही. पण जागतिक अजिंक्यपदापर्यंतच्या वाटेवर एका घरगुती मोटरीचा गिअरबॉक्स होता, ही गोष्ट या इतिहासात ठळकपणे नोंदवली पाहिजे.

हाच धडा उलट बाजूने १९९० नंतर मिळाला. रॉन चॅम्पियनच्या १९९६ मधल्या पुस्तकामुळे घरी स्पोर्ट्स कार बांधण्याची इंग्लंडमध्ये लाट आली. या गाड्यांचा घाट लोटस सेव्हनचा: लांब नाक, पुढे इंजिन, मध्ये शाफ्ट, मागे डिफरन्शियल. त्यात मोटरसायकलचे इंजिन बसवायचे तर ते काटकोनात वळवावे लागते, स्प्रॉकेटच्या जागी शाफ्टची फ्लँज लावावी लागते आणि रिव्हर्ससाठी वेगळी पेटी घालावी लागते, कारण मोटरसायकलला रिव्हर्स नसतो. पहिल्या पिढीच्या सुझुकी हायाबुसाच्या मूळ स्प्रॉकेटांना पुढे १७ आणि मागे ४० दाते असत, म्हणजे अंतिम गुणोत्तर सुमारे २.३५. फोर्ड सिएराचे डिफरन्शियल भंगारात सहज मिळे, पण त्याची गुणोत्तरे ३.१४, ३.३८, ३.६२ आणि ३.९२ अशी मोजकीच. १३ इंची चाकांसह ३.६२ चे डिफरन्शियल लावले, की ज्या फेऱ्यांवर बाइक ताशी ३०० किलोमीटर जाते तिथे कार जेमतेम १७० जाते, ३.१४ चे लावले तरी १९० च्या थोडी पुढेच. चेन असती तर दोन-चार दात्यांचे स्प्रॉकेट बदलून हे काम एका दुपारी झाले असते. शिवाय बाइक वळताना झुकते, कार झुकत नाही. त्यामुळे वळणावर तेल एका बाजूला सरकते, पंप कोरडा पडतो आणि बेअरिंग जळते. म्हणून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. पाचशे किलोंची गाडी ओढताना बाइकचा ओला क्लच घसरतो, तो वेगळाच. १९९७ मध्ये पीटरबरोला सुरू झालेल्या रॅडिकल कंपनीने मात्र इंजिन मागे ठेवले, आडवेच ठेवले आणि सुरुवातीच्या गाड्यांत चेनच वापरली. पन्नास वर्षांपूर्वीच्या कूपरचाच मार्ग तिला सोयीचा वाटला.

तरी सलग ॲक्सल परत का आला नाही, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी स्पर्धेत सापडते. अमेरिकेत १९८१ मध्ये फॉर्म्युला एसएई या नावाने तिची सुरुवात झाली. तिच्या मार्गावर बाहेरचा व्यास फक्त ९ मीटर असलेली वळणे येऊ शकतात. १.२ मीटर रुंदीची गाडी तिथून वळली, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त अंतर कापावे लागते. रुंद, मऊ, चिकट टायरवर सलग ॲक्सल असेल तर गाडी सरळच जाऊ पाहते. साध्या डिफरन्शियलमध्ये उलटे होते: आतले चाक हलके पडले की सगळी ताकद तिकडे वाया जाते. व्हर्नन ग्लीझमनचे टॉर्सन डिफरन्शियल यावर उपाय आहे, पण एक चाक पूर्ण उचलले गेले तर तेही हतबल होते, कारण ते कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कच्या ठरावीक पटीतच दुसऱ्याला देते आणि शून्याची पट शून्यच. म्हणून विद्यार्थी टॉर्सन आणि प्लेटींचा दाब असलेले ड्रेक्सलर यांच्यात तासन्‌तास वाद घालतात. पण त्या दोन्हींपर्यंत ताकद पोहोचते ती बहुधा चेनच्याच मार्गाने.

त्या चेनवर किती ताण येतो तेही पाहिले पाहिजे. हवा मर्यादित ठेवणाऱ्या २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून श्वास घेणाऱ्या ६०० सीसी इंजिनाचा टॉर्क ५० न्यूटन-मीटर धरला आणि प्राथमिक व पहिला गिअर मिळून साडेपाच पटींची घट धरली, तर पुढच्या स्प्रॉकेटवर २७५ न्यूटन-मीटर येतात. ५२० मापाच्या चेनच्या १२ दाते असलेल्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम ३१ मिलिमीटर. म्हणजे चेन सुमारे ९०० किलोंच्या जोराने डिफरन्शियलला पुढे ओढते. ते धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दोन ब्रॅकेटांवर, आणि चेनचा ताण बसवण्यासाठी त्यांत फिरणाऱ्या विकेंद्री कड्यांवर, हा सगळा ताण येतो. आपल्याकडच्या संघांनाही हे गणित चुकलेले नाही. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार झालेले ३७३ सीसीचे केटीएम इंजिन भारतातल्या अनेक विद्यार्थी गाड्यांत दिसते. कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धेत आता विद्युत गाड्याही उतरतात. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर दिली तर डिफरन्शियलचे काम सॉफ्टवेअरकडे जाते आणि चेनची गरज संपते. एकच मोटर असलेल्या अनेक गाड्यांत मात्र ती अजून आहे आणि तिथे मोटर मागच्या ॲक्सलला चिकटूनच बसवावी लागते.