फिरती नजर आणि मनाची जखम

इ. स. १९८७ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका उद्यानांत फिरतां फिरतां फ्रान्सीन शापिरो यांना असें जाणवलें कीं, डोळे झरझर इकडून तिकडे गेले म्हणजे त्रासदायक विचारांची धार बोथट होते. १९८९ सालीं त्यांनीं बावीस रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत व्हिएतनाम युद्धांतून परतलेले सैनिकहि होते. पुढें हा उपचार ‘ई.एम्.डी.आर्.’ या नांवानें रूढ झाला. आघाताची आठवण मनांत धरावयाची व उपचारकाच्या हलत्या बोटांमागें नजर न्यावयाची, हें वरवर गारुडच वाटतें! गुण डोळ्यांच्या हालचालीनेंच येतो काय, हा वाद मिटलेला नाहीं. तथापि २०१३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची शिफारस केली. त्याच्या आठ टप्प्यांपैकीं पहिल्या दोहोंत पूर्ववृत्त ऐकून घेतात व मन सांवरण्यास शिकवितात. तेव्हां भेट होतांच बोटें हलवूं लागणारा उपचारक टाळावा. मानसोपचाराचें मूळ शिक्षण आणि या पद्धतीचें स्वतंत्र शिक्षण त्यानें कोठें घेतलें, हेंहि निःसंकोच विचारावें.