दुकानाचा विमा: एकच दर ते निवड

भारतातील सर्वसाधारण विम्याचा आरंभ १८५० मध्ये कलकत्त्यात निघालेल्या ट्रायटन इन्शुरन्स कंपनीपासून मानला जातो. मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ मध्ये दोराबजी टाटांची न्यू इंडिया उभी राहिली. राष्ट्रीयीकरणानंतर, १९७३ पासून, १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आगीच्या विम्याचे दर आणि अटी दर सल्लागार समिती ठरवत असे. त्यामुळे दुकानदार कोणत्याही कंपनीकडे गेला तरी हप्ता तोच.

१ जानेवारी २००७ रोजी दरांवरचे नियंत्रण उठले आणि हप्ते उतरले. स्वस्त हप्त्यापेक्षा अटी महत्त्वाच्या, हे मात्र लहान व्यापाऱ्याला कोणी नीट सांगितले नाही. दहा लाखांचा माल पाच लाखांना उतरवला असेल, तर सरासरीच्या अटीनुसार दोन लाखांच्या नुकसानीवर एकच लाख मिळतो. ज्याचे सगळे भांडवल गोदामातच असते, त्याच्यावर हा घाव फार क्रूर.

१ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत कमी उतरवलेली रक्कम माफ आहे. मूळ मजकूर सर्व कंपन्यांचा सारखाच असल्याने तुलना आता हप्ता, जादा संरक्षण आणि दावे निकाली काढण्याची पद्धत यांवर होते.