एकरांतील टिंब

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर नृसिंहाच्या देवळामुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें ज्या इंदापूर तालुक्यांत मोडतें, त्यास हिशेबाच्या इतिहासांतही मान आहे. प्रिंगलसाहेबांची सारापद्धति फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास नवी जमीनमोजणी याच तालुक्यांत सुरू केली, आणि तीच पुढें मुंबई इलाख्याची रीत झाली.

त्या रीतींत ४० गुंठ्यांचा एकर व १६ आण्यांचा गुंठा. जमिनीचा कसही आण्यांतच: उत्तम जमीन १६ आणे, मग १४, १२ असें उतरत अगदीं हलकी २ आण्यांवर. रुपयाही १६ आण्यांचाच असल्यामुळें आणि पावकी, निमकी, दिडकी लहानपणींच घोकलेल्या असल्यामुळें कुळकर्ण्यास यांत कांहीं अवघड वाटत नसे.

घोटाळा आहे तो टिंबाचा. एकर व गुंठे यांच्यामध्यें कधीं आडवी रेघ, कधीं टिंब देत. "१.२०" म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात् दीड एकर. दशांश शिकलेला मुलगा तेंच एक पूर्णांक दोन दशांश वाचून बारा गुंठे हरवून बसेल! पुढें हेक्टर आला. तो शंभर आरांचा, म्हणून तेथें "१.२०" हा खरा दशांश आहे. त्यांतून आर व गुंठा जवळजवळ सारखेच, गुंठा किंचित् मोठा. यामुळें तेंच चिन्ह एकदां साठ गुंठे सांगतें, एकदां एकशेंवीस आर. रुपयाचें बरें झालें. १ एप्रिल १९५७ पासून त्याचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे हिशेबांतून गेले.

संगणकाच्या भाषांना टिंबाची अडचण ठाऊक आहे. जर्मन मनुष्य १.२३४.५६७,८९ लिहितो, आपण १२,३४,५६७.८९. म्हणून जावासारखी भाषा संख्या आंत एकच ठेवते आणि दाखवितांना तिला वाचकाच्या देशाचा पोशाख चढविते. मराठी मागितल्यास आंकडेही देवनागरी देते. युक्ति उत्तम खरी, पण ती पोशाखापुरती. एकर-गुंठे ही दशांश संख्याच नव्हे. त्या एका टिंबानें जोडलेल्या दोन संख्या आहेत. पाऊण-पाऊण एकराच्या दोन तुकड्यांची, ०.३० व ०.३० यांची, बेरीज यंत्र ०.६० सांगेल, वांटणीस बसलेले भाऊ ती १.२० करतील. यास्तव असा उतारा यंत्रांत भरतांना एकर व गुंठे यांचे रकाने निराळेच ठेवावे लागतात, आणि गुंठे ४० भरले कीं हातचा एक.