सेलिब्रिटी

गणेशमंडळाच्या फलकावर 'सेलिब्रिटींच्या हस्ते आरती' वाचलं आणि शब्दकोश उघडला. लॅटिन 'सेलेबेर' म्हणजे गजबजलेलं. आधी ते जागेला लागायचं, मग कीर्तीला. इंग्रजीत हा शब्द खुद्द माणसाला चिकटला तो एकोणिसाव्या शतकात. त्याच सुमारास, 1854 मध्ये, पॅरिसच्या दिसदेरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छबी टिपण्याचं पेटंट घेतलं. खेळायच्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर डकवलेले राणी, नट, सेनापती दुकानांत विकायला आले आणि घरोघरच्या आल्बममध्ये मामा-मावशीच्या शेजारी जाऊन बसले. एवढी गर्दी खेचणारा दिसदेरी 1889 मध्ये मेला तो कफल्लक. आपल्याकडे हल्ली सेलिब्रिटी परीक्षक असतात, सेलिब्रिटी शेफ असतात. कॉलेजातली पोरं तर नुसतं 'सेलेब' म्हणतात.