पात्रयोजना आणि पुरावा: नगरच्या इतिहासातील चेहऱ्यांचा वाद

ऐतिहासिक नाटक किंवा चित्रपट जाहीर झाला, की त्याची पात्रयोजना, म्हणजे कोणती भूमिका कोणत्या नटाकडे सोपवली आहे, हा महाराष्ट्रात वादाचा आणि थट्टेचाही विषय होतो. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहून मराठी ऐतिहासिक नाटकाचा पाया घातला. पुढे कित्येक दशके स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्याने माधवरावांच्या पत्नी रमाबाईंच्या वेषातील नट प्रेक्षकांना खटकत नसे, कारण मूळ व्यक्तीशी साम्य असावे अशी अपेक्षाच नव्हती. ती अपेक्षा कॅमेऱ्याने चेहरा जवळ आणल्यावर वाढली. मात्र ती कितपत योग्य आहे, याची परीक्षा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासावर चांगली होते.

चांदबिबीचे उदाहरण पहिले. हुसेन निजामशहाची ही कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा १५९५-९६ च्या वेढ्यात शाहजादा मुरादच्या मोगल सैन्याविरुद्ध नगरच्या किल्ल्यावर उभी राहिली, तेव्हा तिचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. पूर्वी निजामशाहीच्या चाकरीत असलेला इतिहासकार फेरिश्ता सांगतो, की सुरुंगाने तट फुटल्यावर ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन आणि हाती तलवार धरून खिंडारापाशी आली. या वर्णनाशी प्रामाणिक राहायचे, तर नायिकेचा चेहरा नेमक्या त्या उत्कट प्रसंगी झाकावा लागेल. परंतु चित्रांत आणि नाट्यरूपांत ती बहुधा उघड्या चेहऱ्याची तरुणीच दिसते. नगरजवळच्या डोंगरावरील जी तीन मजली अष्टकोनी वास्तू ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते, ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांच्या मनातील पात्रयोजना माणसांपुरती न थांबता वास्तूंनाही भूमिका देते, हे या नावावरून दिसते.

जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या बाबतीत प्रश्न वयाचाच आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, तर राज्यकारभार त्यांच्या हाती आला तो १७६७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. त्यांच्या कर्तृत्वाचा मुख्य काळ तेथून १७९५ पर्यंतचा. त्यांच्यावरील २०२१ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने मात्र आपली कथा बालवयापासून मांडली. त्यापूर्वी २००२ च्या ‘देवी अहिल्याबाई’ या चित्रपटात त्यांचे सासरे मल्हाररावांची भूमिका नगरचेच सदाशिव अमरापूरकर यांनी केली होती. त्यांनीच ‘२२ जून १८९७’ मध्ये लोकमान्य टिळक आणि ‘भारत एक खोज’ मध्ये महात्मा फुले साकारले. तीन काळांतील इतकी भिन्न माणसे एका नटाच्या चेहऱ्यात सामावू शकतात, यातून अभिनयापुढे चेहऱ्याचे साम्य किती दुय्यम ठरते ते कळते.

२०२५ च्या ‘छावा’ या चित्रपटामुळे श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड पुन्हा चर्चेत आला, कारण १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना तेथे औरंगजेबापुढे आणण्यात आले होते. त्या वेळी महाराज एकतीस वर्षांचे, तर बादशहा सत्तर वर्षांचा होता; औरंगजेबाच्या भूमिकेतील, पन्नाशीला टेकलेल्या अक्षय खन्नाला रंगभूषेने वृद्ध करून चित्रपटाने हे अंतर राखले. वाद झाला तो त्यातील संभाजी महाराजांच्या लेझीमच्या नाचावर, आणि ते दृश्य प्रदर्शनापूर्वीच वगळले गेले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाच्या झलकेत शिवाजी महाराजांच्या भूमिकेतील अक्षय कुमारच्या मागील झुंबरात विजेचे दिवे दिसले, तेव्हा सतराव्या शतकात वीज कोठून आली, असे विचारून प्रेक्षकांनी मनसोक्त थट्टा केली.

ही थट्टा हलक्यात काढण्याजोगी नाही, कारण अभ्यासक ज्याला कालविपर्यास म्हणतात, म्हणजे एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात दाखवण्याचा दोष, तो सामान्य प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पकडला होता. परंतु दिवा पटकन दिसतो, तसे चुकलेले वय दिसत नाही. पंचेचाळिशीची विधवा विशीची दाखवली, की तिचा अनुभव, दरबारातील तिचे वजन आणि तिला झालेला विरोध यांचा अर्थच बदलतो, तरी त्यावर कोणी हसत नाही. चेहऱ्यांविषयी साधने बहुधा मौन पाळतात; वय, पद, स्थळ आणि नाते यांविषयी मात्र ती पुष्कळदा स्पष्ट बोलतात, म्हणून पात्रयोजनेचा वाद घालायचाच असेल, तर तो याच चार गोष्टींवर घातला पाहिजे.