फ्रीझिंग रेन : पाऊस पडताच बर्फ का होतो?

मंडळी, बर्फ पडणार म्हटलं की आपण फावडं बाहेर काढतो. पण 'फ्रीझिंग रेन'चा इशारा आला की "पाऊसच तर आहे" म्हणून गाडी काढतो. टोरांटो-मॉन्ट्रियल भागातल्या आपल्या कुटुंबांसाठी ही माहिती थोडक्यात देत आहोत.

हा पाऊस तयार कसा होतो?

हवेचे तीन थर डोळ्यांसमोर आणा. सर्वात वर थंड हवा, तिथे हिमकण तयार होतात. मधला थर उबदार, त्यात ते वितळून थेंब होतात. जमिनीलगत पुन्हा शून्याखालच्या हवेचा पातळ थर. त्यातून येताना थेंब थंड होतात, पण गोठायला वेळ मिळत नाही. ते पाणीच राहतात आणि रस्ता, फांदी किंवा तारेला टेकताच गोठतात.

खालचा थर जाड असला तर थेंब वाटेतच गोठून बर्फाचे बारीक खडे पडतात. मधला उबदार थर नसला तर साधा हिमवर्षाव होतो. आपल्या गावाकडच्या उन्हाळी गारा वेगळ्या. त्या उंच गडगडाटी ढगांत वाढतात.

१९९८ साली काय झाले?

५ ते १० जानेवारी १९९८ या काळात मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट, उबदार हवा वर चढली. सेंट लॉरेन्स आणि ओटावा नद्यांच्या खोऱ्यांत मात्र जड, थंड हवा अडकून राहिली. पाऊस दिवसेंदिवस चालूच राहिला आणि बर्फाच्या ओझ्याने विजेचे हजाराहून अधिक पोलादी मनोरे कोसळले. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडील काही घरांत कित्येक आठवडे वीज नव्हती. घर गरम ठेवण्याच्या धडपडीत कार्बन मोनॉक्साईडमुळेही काहींचा जीव गेला.

हे लक्षात ठेवा

१. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी रस्ता, विशेषतः पूल, गोठलेला असू शकतो.
२. तुटलेल्या तारेपासून किमान १० मीटर दूर राहा.
३. जनरेटर, बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी घरात वा गराजमध्ये कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा अलार्म हवाच.
४. टॉर्च, पाणी, औषधे आणि न शिजवता खाता येईल असे पदार्थ आधीच काढून ठेवा.
५. भारतातून आलेल्या आई-बाबांना त्या दिवशी फिरायला बाहेर पाठवू नका. ओला दिसणारा फुटपाथ बहुधा काचेसारखा गुळगुळीत बर्फच असतो.

वीज गेलीच तर शेजारी एकट्या राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीची चौकशी जरूर करा.